मनोविकारावरच्या औषधांनी वजन वाढतंय? या चुका टाळा

औषध लागू पडलं, झोप लागू लागली, डोक्यातला कल्लोळ शांत झाला, आणि तेवढ्यात कपडे घट्ट व्हायला लागले. हा अनुभव इतक्या जणांना येतो की डॉक्टरांनी पहिल्या चिठ्ठीबरोबरच त्याची कल्पना द्यायला हवी. बऱ्याचदा दिली जात नाही. मग माणूस स्वतःच उपाय शोधतो, आणि काही उपाय वाढलेल्या वजनापेक्षा जास्त महागात पडतात. वजनवाढ हा औषधाचा दुष्परिणाम आहे. हात थरथरणं किंवा तोंड कोरडं पडणं याबद्दल आपण डॉक्टरांशी बोलतो, तसंच याबद्दलही बोलायचं आणि त्यावर उपचार मागायचे. तेही लवकर.

चूक १: गुपचूप गोळी बंद करणं किंवा अर्धी करणं

सगळ्यात घातक चूक हीच. पहिले काही दिवस बरं वाटतं, भूक कमी होते, वजनाचा काटा थोडा खाली येतो आणि आपलं बरोबर होतं असा समज होतो. आजार मात्र अनेकदा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उलटतो. त्यामुळे 'गोळी सोडली' आणि 'आजार परतला' यांचा संबंध कुणाच्या लक्षातही येत नाही.

प्रत्येक औषधाचा धोका वेगळा असतो. मूड स्थिर ठेवणारं लिथियम एकदम थांबवलं तर उन्मादाचा झटका उलटण्याची शक्यता वाढते. नैराश्यावरचं पॅरोक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन अचानक सोडलं तर चक्कर, मळमळ आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं वाटणं असे त्रास होतात. स्किझोफ्रेनियावरच्या क्लोझापिनचा नियम सर्वांत कडक आहे. ४८ तासांहून जास्त खंड पडला तर जुना डोस पुन्हा सुरू करायचा नाही. डॉक्टरांना कळवून १२.५ मिलिग्रॅमपासून हळूहळू वर जावं लागतं, नाहीतर रक्तदाब एकदम कोसळू शकतो.

शिवाय डोस निम्मा केला म्हणून वजन निम्म्याने उतरत नाही. ओलान्झापिन (हेही त्याच गटातलं) आणि क्लोझापिन कमी डोसमध्येही भूक वाढवतात. केवळ झोपेसाठी दिलेल्या क्वेटियापिनच्या छोट्या डोसनेही काहींचं वजन वाढतं. म्हणजे डोस कमी करून आजार उलटण्याचा धोका वाढतो आणि वजनात फारसा फरक पडत नाही.

चूक २: 'बघू पुढच्या भेटीत' म्हणत थांबणं

वजन सर्वांत वेगाने वाढतं ते पहिल्या काही महिन्यांत. पहिल्याच महिन्यात मूळ वजनाच्या ५ टक्क्यांहून जास्त वाढ झाली, तर पुढेही बरंच वाढणार अशी ती खूण असते. ६० किलोच्या माणसासाठी ५ टक्के म्हणजे अवघे ३ किलो. बहुतेक जण एवढ्याकडे लक्ष देत नाहीत, पण डॉक्टरांना फोन करायचा तो याच टप्प्यावर. आलेले १५ किलो उतरवण्यापेक्षा ३ किलोंवर थांबवणं कितीतरी सोपं असतं.

औषध सुरू करण्याआधीचं वजन माहीत नसेल तर काहीच ठरवता येत नाही. म्हणून पहिली गोळी घेण्याआधी वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल यांची नोंद हवी. त्यानंतर ४, ८ आणि १२ आठवड्यांनी वजन, मग दर तीन महिन्यांनी. साखर आणि कोलेस्टेरॉल १२ आठवड्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा. लिथियम चालू असेल तर थायरॉइडचीही तपासणी होत राहायला हवी. थायरॉइड मंदावल्यानेही वजन वाढतं आणि त्याचा उपचार वेगळा असतो.

घरी वजन करताना रोज काट्यावर उभं राहू नका. शरीरातल्या पाण्यामुळेच आकडा एक-दोन किलो वरखाली होतो आणि मन उगाच खचतं. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, तेवढ्याच कपड्यांत वजन करा. कमरेचा घेर बेंबीवरून अंदाजाने घेऊ नका. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध टेप ठेवा, श्वास सहज सोडा आणि पोट आत न ओढता आकडा वाचा. आशियाई वंशाच्या लोकांमध्ये पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटरच्या पुढचा घेर धोक्याचा मानला जातो.

चूक ३: सगळा दोष स्वतःच्या मनोनिग्रहाला देणं

'खाण्यावर ताबाच राहत नाही' हे वाक्य डॉक्टरांच्या खोलीत रोज ऐकू येतं, बहुतेकदा मान खाली घालून. यात लाजण्यासारखं काही नाही. ओलान्झापिन, क्लोझापिन, क्वेटियापिन आणि मिर्टाझापिन ही औषधं मेंदूतले हिस्टामिन या रसायनाचे ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे रसायनाचा निरोप घेणाऱ्या जागा) अडवतात. त्यांतली बरीचशी सेरोटोनिन या दुसऱ्या रसायनाच्या एका विशिष्ट प्रकारच्या ग्राहकांनाही अडवतात. पोट भरल्याचा निरोप पोचण्यात या ग्राहकांचा मोठा वाटा असतो. तो निरोप उशिरा आणि क्षीण आवाजात पोचला की जेवून उठल्यावरही भूक शिल्लक राहते. ही भूक खरीच असते. तिच्याशी नुसतं भांडून उपयोग नाही, तिची सोय लावावी लागते.

रात्रीच्या गोळीचं उदाहरण घ्या. नऊ वाजता गोळी घेतली, साडेअकरापर्यंत फोन बघत जागे राहिलात, तर मधला वेळ अर्धवट गुंगी आणि जोरदार भूक यांत जातो. फ्रिजचं दार उघडतं ते याच वेळी, आणि किती खाल्लं हे सकाळी धड आठवतही नाही. गोळी नेमकी झोपण्याच्या तोंडावर घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. बहुतेकदा चालतं. तरीही भूक लागत असेल तर तो खाऊ आधीच ठरवून ठेवा: एक उकडलेलं अंडं किंवा वाटीभर साधं दही. ते खाल्लं की दात घासायचे आणि स्वयंपाकघराचा दिवा बंद.

जेवताना ताट एकदाच वाढून घ्या आणि भांडी टेबलावरून उचलून ठेवा. अर्ध्या ताटात भाज्या, पाव भागात प्रथिनं, उरलेल्या पावात धान्य. प्रत्येक जेवणात २० ते ३० ग्रॅम प्रथिनं पोटात गेली तर पुढची भूक उशिरा लागते. दुसऱ्यांदा वाढून घेण्याआधी २० मिनिटं थांबा.

चूक ४: तहान गोड पेयांवर भागवणं

लिथियमने तहान वाढते. अमिट्रिप्टिलिनसारख्या औषधांनी तोंड कोरडं पडतं. अशा वेळी हातात येतं ते शीतपेय, सरबत किंवा साखरेचा चहा. शीतपेयाच्या ३३० मिलिलिटरच्या डब्यात साधारण ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे १४० कॅलरी. दिवसाला असे तीन डबे झाले की चारशेहून जास्त कॅलरी पोटात जातात आणि पोट भरल्याची जाणीवही होत नाही. आहारात एकच बदल करायचा असेल तर हा करा. पाण्याची बाटली जवळ ठेवा, घोटघोट प्या, आणि साखर नसलेलं च्युइंगगम चघळा. त्याने लाळ सुटते.

चूक ५: उपासमार आणि अघोरी आहार

पंधरा दिवसांत दहा किलो उतरवण्याच्या योजना कुणासाठीच चांगल्या नाहीत. ही औषधं घेणाऱ्यांसाठी त्या जास्तच धोक्याच्या आहेत.

लिथियम घेणाऱ्यांनी हे नीट वाचावं. शरीरातलं मीठ किंवा पाणी कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतात आणि रक्तातली पातळी चढते. मीठ एकदम बंद करणं, कडक उपास, पिष्टमय पदार्थ पूर्ण वगळणं, वजन उतरवण्यासाठी घाम गाळणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं, या सगळ्याचा शेवट तिथेच होतो. हात जोरात थरथरणं, उलट्या, जुलाब, चालताना तोल जाणं, जीभ जड होणं, गोंधळल्यासारखं वाटणं यांपैकी काहीही दिसलं तर पुढची गोळी न घेता लगेच रुग्णालय गाठा आणि लिथियमची पातळी तपासायला सांगा. 'गोळी स्वतःहून थांबवू नका' या नियमाला हा अपवाद आहे. मिठाचं आणि पाण्याचं प्रमाण रोज साधारण सारखं ठेवायचं, आणि आहार बदलणार असाल तर आधी डॉक्टरांना सांगायचं.

दुसरा सापळा कमी लोकांना माहीत असतो. लुरासिडोन आणि झिप्रासिडोन ही वजन फारशी न वाढवणारी औषधं आहेत. त्यामुळे वजनाच्या तक्रारीनंतर अनेकदा औषध बदलून हीच दिली जातात. पण लुरासिडोनबरोबर निदान ३५० आणि झिप्रासिडोनबरोबर साधारण ५०० कॅलरींचं जेवण लागतं. उपाशीपोटी घेतलं तर औषध जेमतेम निम्मं अंगी लागतं. रात्रीचं जेवण वगळून फक्त सूप पिणाऱ्याची गोळी मग न घेतल्यासारखीच होते, आणि 'नवीन औषध लागू पडत नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. वजन उतरवायचं असलं तरी हे एक जेवण सोडायचं नाही.

रोजच्या खाण्यातून ३०० ते ५०० कॅलरी कमी करणं पुरेसं आहे.

चूक ६: वजन घटवणाऱ्या पुड्या आणि कॅप्सूल

'पूर्णपणे नैसर्गिक' असं लिहिलेल्या उत्पादनांत सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध लपवलेलं अनेकदा सापडलं आहे. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे २०१० मध्ये अनेक देशांनी ते बाजारातून काढलं. नैराश्यावरच्या काही गोळ्यांबरोबर ते घेतलं तर शरीरात सेरोटोनिन धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. उत्तेजक घटक असलेल्या पुड्यांनी झोप उडते, आणि उन्माद किंवा भास परतायला तेवढं निमित्त पुरतं. घेतलीच असेल तर डबा डॉक्टरांना दाखवा.

क्लोझापिन घेणाऱ्यांनी पोट फुगणं म्हणजे चरबी असं गृहीत धरू नये. या औषधाने आतड्यांची हालचाल मंदावते आणि बद्धकोष्ठता जिवावर बेतू शकते. स्वतःच्या मनाने तंतुमय पूड भरमसाट घेऊ नका. तीन दिवस शौचाला झालं नाही तर डॉक्टरांना कळवा. जोडीला पोटदुखी किंवा उलट्या असतील तर तडक रुग्णालयात जा.

चूक ७: सिगारेट आणि कॉफीतले बदल न सांगणं

तब्येत सुधारायची म्हणून सिगारेट सोडणं उत्तमच. पण तंबाखूच्या धुरामुळे यकृत क्लोझापिन आणि ओलान्झापिन जास्त वेगाने संपवत असतं. धूर थांबला की काही दिवसांत त्याच डोसवर रक्तातली पातळी वाढते आणि गुंगी, लाळ, थकवा वाढतो. हा परिणाम धुराचा असतो, निकोटिनचा नाही. त्यामुळे निकोटिनच्या पट्ट्या लावल्या तरी फरक पडतोच. भूक मारण्यासाठी कॉफी वाढवली तर क्लोझापिनची पातळी त्यानेही चढते. सिगारेट सोडण्याची तारीख डॉक्टरांना आधी सांगा, डोस त्याप्रमाणे बदलता येतो.

चूक ८: पहिल्याच दिवशी तासभर व्यायाम

सकाळी औषधाची गुंगी उतरलेली नसते. अशा वेळी पाचचा गजर लावून जिमला जायचं ठरवलं तर ते आठवडाभरही टिकत नाही. व्यायाम आपण सर्वांत जागे असतो त्या वेळी ठेवा. प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालण्याने सुरुवात केली तरी दिवसाचा अर्धा तास होतो आणि साखरही आटोक्यात राहते. हळूहळू आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत न्या, त्यात दोन दिवस स्नायूंचे व्यायाम घाला. उठताना चक्कर येत असेल तर आधी मिनिटभर पलंगाच्या कडेला बसा. यांतली काही औषधं घाम कमी करतात, त्यामुळे भर उन्हात व्यायाम नको.

चूक ९: डॉक्टरांना फक्त 'वजन वाढलं' एवढंच सांगणं

एवढ्याशा वाक्यावर 'कमी खा, चाला' हेच उत्तर मिळतं. आकडे घेऊन जा: औषध कधी सुरू झालं, तेव्हाचं वजन, दर आठवड्याची नोंद, भूक कोणत्या वेळी लागते. मग तीन प्रश्न विचारा.

पहिला: आजार आटोक्यात ठेवून औषध बदलता येईल का? अरिपिप्राझोल, लुरासिडोन आणि झिप्रासिडोनने वजन कमी वाढतं. मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधांत व्हॅल्प्रोएटपेक्षा लॅमोट्रिजिन वजनाच्या दृष्टीने बरं. नैराश्यात बुप्रोपियॉनचा विचार होतो, पण फिट येण्याचा इतिहास असेल तर ते चालत नाही. क्लोझापिन मात्र बहुधा इतर औषधांनी गुण न आलेल्यांनाच दिलेलं असतं, त्यामुळे ते बदलणं सहसा शहाणपणाचं नसतं.

दुसरा: सध्याच्या औषधाबरोबर मधुमेहावरचं मेटफॉर्मिन देता येईल का? मधुमेह नसतानाही ते या कारणासाठी दिलं जातं. सहसा जेवणाबरोबर ५०० मिलिग्रॅमने सुरुवात करून डोस हळूहळू वाढवतात. सरासरी फरक साधारण ३ किलोंचा पडतो. लवकर सुरू केलेलं बरं. त्याआधी मूत्रपिंडांची तपासणी हवी, आणि दीर्घकाळ घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्वावर लक्ष ठेवावं लागतं.

तिसरा: मेटफॉर्मिन पुरलं नाही तर लिराग्लुटाइड किंवा सेमाग्लुटाइड या भूक कमी करणाऱ्या औषधांची इंजेक्शनं माझ्यासाठी योग्य आहेत का?

चूक १०: घरच्यांचे टोमणे

हे घरच्यांसाठी. ताटावर नजर ठेवणं, खाऊ कुलपात ठेवणं, पाहुण्यांसमोर वजनाचा विषय काढणं, याने माणूस लपून खातो किंवा लपून गोळी सोडतो. मदत करायची असेल तर गोड पेयं घरात आणणंच बंद करा, सगळ्यांसाठी. जेवणानंतरच्या दहा मिनिटांत सोबत चाला.

चूक ११: वजन आपोआप उतरलं म्हणून खूश होणं

आहार तोच, हालचाल तीच, तरी वजन भराभर उतरत असेल, जोडीला खूप तहान, वारंवार लघवी आणि थकवा असेल, तर तो मधुमेह असू शकतो. ओलान्झापिन आणि क्लोझापिन घेणाऱ्यांत तो कधी कधी वजन फारसं न वाढताही होतो. त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्या. उलट्या, पोटदुखी, धाप किंवा गुंगी असेल तर तपासणीच्या रांगेत न थांबता थेट आपत्कालीन विभागात जा आणि कोणती औषधं चालू आहेत ते तिथल्या डॉक्टरांना सांगा.