३०६० घेव काय ४०६०? दोन ग्राफिक्स कार्डांची तुलना कशी करायची

भाच्याचा कुडाळवरून फोन, एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड (पीसीतला चित्र तयार करणारा भाग) घ्यायला दुकानात उभा राहूनच. "मामानू, ३०६० घेव काय ४०६०? दुकानदार म्हणता १२ जीबी आसा म्हणजे ३०६०च भारी." म्हटलं आधी बाहेर ये, चहा घे, पैसे देऊ नको. मग अर्धा तास त्याला जे सांगितलं तेच इथे टाकतोय, कारण मालवणात पर्यटकांचे स्कूबाचे व्हिडिओ मी ३०६० वरच एडिट करतो आणि हे घोळ सगळे स्वतः घालून झालेत.

पहिली गोष्ट, कार्डाचं पूर्ण नाव बघायचं, नुसतं "३०६०" नाही. आरटीएक्स ३०६० दोन प्रकारची आहे, २०२१ ची १२ जीबी मेमरीची, १९२ बिट बस (मेमरीकडे जाणारा रस्ता, बिट जास्त तेवढा रुंद) वाली, आणि नंतर २०२२ च्या शेवटी आलेली ८ जीबी, १२८ बिट वाली. नाव तेच, माल वेगळा. खोक्यावर जीबी वाचल्याशिवाय पुढे बोलूच नका.

आता कोअर. ३०६० मध्ये ३५८४ कूडा कोअर (कार्डातले हिशोब करणारे छोटे भाग), ४०६० मध्ये ३०७२, म्हणजे नवीन कार्डात कमी! भाचा इथेच अडकला. पण ३०६० चा बूस्ट क्लॉक (कोअर जोरात चालतात तेव्हाचा वेग) साधारण १.७८ गिगाहर्ट्झ आणि ४०६० चा २.४६, शिवाय पिढी वेगळी. होडीत वल्ही मारायला चार माणसं जास्त बसवली म्हणून इंजिनवाल्या होडीच्या पुढे जाता येतं काय? कोअरचा आकडा एकाच पिढीतल्या कार्डांमध्येच लावून बघायचा, आणि दुसऱ्या कंपनीचे, एएमडीचे स्ट्रीम प्रोसेसर कूडा कोअरशी तर अजिबात लावायचे नाहीत, तो हिशोबच वेगळा.

मेमरीचा वेग मात्र घरी काढता येतो, सोप्पं आहे. बसचे बिट भागिले ८, गुणिले मेमरीचा स्पीड (गिगाबिटमध्ये, ३०६० ला १५, ४०६० ला १७). ३०६० (१२ जीबी): १९२ ला ८ ने भागलं की २४, गुणिले १५ म्हणजे ३६० जीबी प्रति सेकंद. ४०६० ची बस १२८ बिट, म्हणून १६ गुणिले १७, म्हणजे २७२. इथे जुनं कार्ड चक्क पुढे! मग ४०६० मागे का पडत नाही, तर तिच्यात एल२ कॅश (चिपमधलीच छोटी, वेगवान मेमरी) २४ एमबी आहे, ३०६० मध्ये ३ एमबी. घरात किराणा भरलेला असला की सारखं बाजारात धावावं लागत नाही, तसं. १०८० पी (फुल एचडी) ला हे छान चालतं, रिझोल्यूशन वाढवलं की कॅश अपुरी पडायला लागते आणि मग फरक कमी होत जातो.

एकूण १०८० पी गेमिंगमध्ये ४०६० साधारण १५ ते २० टक्के पुढे, फ्रेम जनरेशन (दोन चित्रांच्या मध्ये कार्डानेच बनवून घातलेलं जादा चित्र) बंद ठेवून. हे "बंद ठेवून" महत्त्वाचं, कारण जाहिरातीतले मोठमोठे बार बहुतेक वेळा फ्रेम जनरेशन चालू करून काढलेले असतात आणि एनव्हिडियाची ती सोय ४० सिरीजपासूनच आहे, मग ३०६० बिचारी दिसणारच.

यूट्यूबवरचे आकडे बघताना आधी प्रोसेसर कुठला ते बघा, टेस्टवाले सगळ्यात महागडा लावतात. आणि नुसतं ॲव्हरेज एफपीएस (सेकंदाला किती चित्रं) नको, "वन परसेंट लो" म्हणजे सगळ्यात हळू एक टक्का चित्रांचा वेग बघा, ॲव्हरेज १०० आणि लो ३५ असेल तर गेम अडखळतोच. स्वतः मोजायचं तर आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर लावा, गेममधली तीच जागा, तीच सेटिंग, तीनदा खेळा, पहिली फेरी सोडून द्या. भाचा खेळतो व्हॅलोरंट, मॉनिटर १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ चित्रं दाखवणारा), तिथे दोन्ही कार्डं मॉनिटरच्या वर जातात, म्हणजे त्या गेमपुरतं भांडणच नाही.

जीबीचं काय? तर १२ जीबी आहे म्हणून गेम जास्त जोरात पळत नाही, पण ८ जीबी भरली की सगळं लटकतं. माझ्याकडे ४के क्लिपवर पाण्याचा निळेपणा काढायला दोन-तीन इफेक्ट चढवले की मेमरी साडेनऊपर्यंत जाते, मला १२ लागतात. फक्त गेम आणि तेही १०८० पी ला, टेक्स्चर एक पायरी खाली चालत असेल तर ८ वर भागतं.

आणि जे कोणीच सांगत नाही ते, ४०६० ला पीसीआयई च्या (कार्ड आणि मदरबोर्डमधल्या रस्त्याच्या) ८ च लेन आहेत, ३०६० ला १६. नवीन बोर्डावर काही वाटत नाही, पण बोर्ड जुन्या पीसीआयई ३.० चा असेल (इंटेल दहावी पिढी, बी४५०) तर वाट निम्मी होते आणि मेमरी भरली की तिथेच जास्त झटका बसतो. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा, बस इंटरफेसची ओळ बघा. पीसी रिकामा असताना तिथे १.१ दिसेल, घाबरू नका, बाजूच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून टेस्ट चालवली की खरा आकडा येतो. मी हे बघून एकदा कार्ड परत करायला निघालो होतो.

मग लाईट. ३०६० खाते १७० वॅट, ४०६० ११५. रोज ४ तास धरले तर महिन्याला साडेसहा युनिटचा फरक, बिलात एवढं काही नाही. पण आपल्याकडे जूनचा वारा सुटला की लाईट गेलीच म्हणून समजा, आणि माझा ६०० व्हीएचा यूपीएस एक्स्पोर्ट चालू असताना जो किंचाळतो तो शेजारी ऐकू जातो. ५५ वॅट तिथे कळतात.

सेकंडहँड घेणार असाल तर कार्ड उलटं करून स्क्रू आणि पोर्टची पट्टी बघा. किनाऱ्यावरच्या घरातलं कार्ड लगेच ओळखू येतं, पट्टीवर पांढरट पूड, स्क्रूला गंज. मला एकाने "फक्त सहा महिने वापरलंय" म्हणून दिलेल्या कार्डाचा स्क्रू फिरवताच डोकं तुटून हातात आलं.

भाच्याचा बोर्ड ४.० चा निघाला, त्याने ४०६० घेतली. माझी ३०६० आहे तिथेच आहे, पावसात रोज तासभर पीसी चालू ठेवतो म्हणजे आतला दमटपणा जातो, काम असो वा नसो.