हँगरमध्ये एआर चष्मा आणण्याआधी

एआर (ऑगमेंटेड रिॲलिटी) चष्मा समोरच्या खऱ्या वस्तूवरच खुणा, बाण आणि सूचना तरंगताना दाखवतो. हँगरमध्ये, म्हणजे विमानदुरुस्तीच्या शेडमध्ये, त्याच्या पहिल्या चाचणीसाठी चाक बदलणं किंवा इंजिन ऑइल भरणं ही कामं घेऊ नका. ती टेक्निशियनच्या हाताला पाठ असतात. डोळ्यांसमोर बाण तरंगायला लागला तर उलट अडथळाच. ज्या कामात हातापेक्षा शोधाशोधीला जास्त वेळ जातो, ते निवडा. मुंबईसाठी माझं मत विचाराल तर बाहेरच्या पत्र्यावरचे डेंट. कार्गो दरवाज्याभोवती लोडर घासतो, शिडी टेकते, कधी पक्षी आदळतो. रात्री दोन वाजता एखादा खड्डा दिसला की तो जुना, नोंदलेला आहे की आजचा, हे ठरवायला एएमई (विमान देखभाल अभियंता) जुन्या डेंटच्या नोंदींचा चार्ट उलटत सांगाड्याच्या फ्रेम (गोल कडी) आणि स्ट्रिंगर (लांब पट्ट्या) मोजत बसतो. जुने डेंट पत्र्यावरच खुणा होऊन दिसले, तर नवा आपोआप वेगळा पडेल.

चष्मा विकणाऱ्यांच्या सादरीकरणात तुम्हाला दोन उदाहरणं हमखास ऐकवली जातील. एक, ए३८० या विमानाच्या सांगाड्यातले ६० ते ८० हजार ब्रॅकेट तपासायला एअरबसने कॅमेरा-सेन्सर लावलेला टॅबलेट वापरला आणि तीन आठवड्यांचं काम तीन दिवसांत झालं. दोन, बोईंगमध्ये टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच वायरिंगच्या कामासाठी ही पद्धत सुचवली होती. दोन्ही खरी आहेत, पण दोन्ही कारखान्यातली. तिथलं विमान नवं असतं आणि ड्रॉइंगबरहुकूम असतं. आपल्याकडे येतं ते दहा-बारा वर्षं उडालेलं, दोन-तीन कंपन्यांकडे लीजवर फिरलेलं, प्रत्येकाने काही ना काही बदललेलं विमान. म्हणून तयारीतला सर्वांत जास्त वेळ एकाच प्रश्नावर घालवा: पडद्यावर दिसतंय ते याच विमानाचं आहे का?

त्यासाठी विमानाचा सिरियल नंबर धरून सगळे कागद एकत्र करा. कोणती सर्व्हिस बुलेटिन (उत्पादकाने सुचवलेले बदल) लागू झाली आहेत, छतावर नंतर अँटेना बसवला आहे का, कुठे पॅच रिपेअर आहे. चष्म्यातल्या विमानाच्या त्रिमितीय मॉडेलमध्ये हे नसेल तर ते घालून घ्या, निदान तेवढा भाग मॉडेलमधून झाकून टाका. अर्धवट बरोबर चित्र कोऱ्या पडद्यापेक्षा वाईट, कारण त्यावर विश्वास बसतो. मॅन्युअलचं रिव्हिजन बदललं की चष्म्यातला मजकूर कोण बदलणार आणि तो बदलला हे शिफ्ट सुरू होताना कोण तपासणार, त्या माणसाचं नाव लिहून ठेवा. ‘आयटी बघेल’ हे नाव नव्हे.

क्वालिटी मॅनेजरना पहिल्याच दिवशी सोबत घ्या. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) सीएआर-१४५ या देखभाल संस्थांसाठीच्या नियमांखाली काम मंजूर आणि चालू आवृत्तीच्या मेंटेनन्स डेटावरच होतं. चष्म्यातलं चित्र हा त्या डेटाकडे नेणारा रस्ता आहे, स्वतः डेटा नाही, हे कार्यपद्धतीत स्पष्ट लिहून घ्या. डेंटची मर्यादा स्ट्रक्चरल रिपेअर मॅन्युअलमधूनच बघायची आणि सही परवानाधारकाचीच.

पार्ट नंबरचं वेगळं बघा. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजच्या फ्लाइट ५३९० ची कॉकपिटची काच हवेत निखळली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. तो वाचला. ती काच रात्रपाळीत बदललेली होती. नवे बोल्ट जुन्या बोल्टशी नजरेने ताडून निवडले होते आणि ९० पैकी ८४ व्यासाला किंचित कमी निघाले. अशा वेळी चष्मा बोल्टची जागा अचूक दाखवेल, हातातला बोल्ट चुकीचा आहे हे मात्र त्याला आपोआप कळणार नाही. पुढे भाग बसवण्याच्या कामाकडे वळायचं असेल, तर स्टोअरमधून निघालेल्या भागाचं लेबल स्कॅन झाल्याशिवाय पुढची पायरी उघडणार नाही, अशी अट सॉफ्टवेअर देणाऱ्याला आत्ताच घाला.

आता हँगरकडे. ज्या दिव्यांखाली रात्री काम होतं, त्याच दिव्यांखाली ट्रॅकिंग, म्हणजे खूण पत्र्यावर नेमक्या जागी टिकते का, ते तपासा. चकचकीत पत्रा आणि एकसारख्या रिव्हेटच्या रांगा कॅमेऱ्याला गोंधळात टाकतात आणि खूण बघता बघता एक फ्रेम सरकते. विमानाच्या पोटात, एव्हिओनिक्स बेमध्ये (इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या कप्प्यात) वाय-फाय पोचेल असं धरू नका. लागणारं सगळं आधी चष्म्यात उतरवून ठेवा. आवाजी आज्ञा एपीयू (विमानाच्या शेपटीतलं छोटं इंजिन) चालू असताना देऊन बघा, आणि नाहीच ऐकू गेली तर हातमोजे घालून दाबता येईल असं बटण हवं. जुलैत एसी खोलीतून हँगरमध्ये आल्याबरोबर काचांवर वाफ धरते, म्हणून चष्मे हँगरमध्येच ठेवा. नंबरचा चष्मा लावणाऱ्यांना आधी घालून पाहू द्या. कुणाला चक्कर आली, डोकं दुखलं तर त्याला आग्रह नको.

काही ठिकाणी चष्मा न्यायचाच नाही, हेही आधीच ठरवा. इंधनाच्या टाकीत आणि टाकी उघडी असेल त्याच्या आसपास, स्फोटक वाफेसाठी प्रमाणित नसलेलं कुठलंच इलेक्ट्रॉनिक उपकरण नको. डॉकिंगवर (विमानाभोवतीच्या मचाणावर) किंवा शिडीवर चढउतार करताना काच वर उचललेली हवी. कडेचं दिसेनासं झालं की पाय चुकतो. हायड्रॉलिकच्या कामात स्कायड्रॉल हे द्रव उडतं, ते प्लास्टिक खातं आणि डोळ्यांत गेलं तर आग होते. एआर चष्मा म्हणजे सेफ्टी गॉगल नव्हे.

कॅमेऱ्याची परवानगी मात्र वेळ खाते. एअरसाइडला, म्हणजे विमानतळाच्या आतल्या भागात, जायला बीसीएएसचा (नागरी विमान सुरक्षा ब्यूरोचा) पास लागतोच. वर डोक्यावर सतत चालू कॅमेरा म्हटल्यावर सुरक्षा विभाग विचारणारच, की चित्रण कुठे साठतं आणि कोण बघतं. उत्तर लेखी तयार ठेवा. परदेशातल्या तज्ज्ञाला थेट दाखवून सल्ला घ्यायचा बेत असेल तर घड्याळही बघा: उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे दोन म्हणजे बोईंगच्या सिएटलमध्ये दुपारचे दीड, पण एअरबसच्या तूलूझमध्ये रात्रीचे साडेदहा.

खरेदी करताना एवढंच बघा, की तयार केलेला मजकूर दुसऱ्या कंपनीच्या चष्म्यावर नेता येतो का. गूगलने ग्लास एंटरप्राइझची विक्री २०२३ मध्ये थांबवली, मायक्रोसॉफ्टने होलोलेन्स २ चं उत्पादन २०२४ मध्ये. आलेला प्रत्येक चष्मा, त्याची बॅटरी आणि पट्टासुद्धा टूल क्रिबच्या (हत्यारांच्या कोठीच्या) नोंदीत चढवा. पॅनल बंद करण्याआधी पान्यासारखाच त्याचाही हिशेब लागला पाहिजे.

चाचणीच्या रात्री एकाच विमानावर दोघांना लावा, एक चष्म्यासह, दुसरा टॉर्च आणि चार्ट घेऊन, आणि काम होईपर्यंत एकमेकांची यादी त्यांना दाखवू नका. लागलेला वेळ लिहाच, पण त्याआधी दोन याद्यांतला फरक बघा. टॉर्चवाल्याला सापडलेला आणि चष्मेवाल्याचा निसटलेला प्रत्येक डेंट कोणत्या फ्रेमवर होता, उजेड कुठून येत होता, हे त्याच रात्री नोंदवून घ्या. सकाळी विमान गेटवर गेलेलं असेल.