कुंडीतली ती 'पिवळी बुरशी' बुरशी नसते! या चुका टाळा

जुलैचा पाऊस लागला की आमच्या बोरिवलीच्या सोसायटी ग्रुपवर एक फोटो हमखास पडतो, कोकोपीटवर पिवळीजर्द भुर्जी सांडल्यासारखं काहीतरी, आणि खाली सल्ल्यांची रांग, हळद टाका, दालचिनी टाका, फंगिसाइड मारा. मीपण मारलं होतं. सकाळी बघतो तर तो पिवळा गोळा कुंडीच्या काठावर चढून बसलेला!

पहिली चूक हीच, त्याला बुरशी समजणं. हा स्लाइम मोल्ड, बहुतेक वेळा फुलिगो सेप्टिका. बुरशी पाचक रस बाहेर सोडून अन्न शोषते, हा मात्र अमिबासारखा बॅक्टेरिया गिळतो आणि सावकाश सरकतो, झाडाला हातही लावत नाही. जर्मन शास्त्रज्ञ डी बारीने 1859 मध्येच याला मायसेटोझोआ, म्हणजे बुरशी-प्राणी म्हटलं होतं, तरी पुस्तकांत तो कितीतरी वर्षं बुरशीतच राहिला. आज त्याची जागा अमिबोझोआत, म्हणजे अमिबांच्या गटात.

दुसरी चूक, 'मोल्ड' म्हणवणारे सगळे एकाच पिशवीत भरायचे. फुलिगोचा गोळा म्हणजे अक्षरशः एकच पेशी, आत असंख्य केंद्रकं, मधे भिंती नाहीत. डिक्टिओस्टेलियम या दुसऱ्या स्लाइम मोल्डचं उलटं, तिथे सुटे अमिबा मातीत आपापलं खातात आणि उपासमार झाली की सायक्लिक एएमपी नावाचं रसायन सोडून एकमेकांना बोलावतात, हजारो जमतात, गोगलगायीसारखं सरकतात, मग काही जण देठ बनून मरतात आणि बाकीचे वर बीजाणू होतात (चाळीतलं राजकारण आठवतं मला). अ‍ॅक्रासिड नावाचे स्लाइम मोल्डही असेच जमतात पण ते अमिबोझोआतले नाहीतच, आणि बटाट्यावर करपा आणणारा वॉटर मोल्ड तर तपकिरी शेवाळाचा नातेवाईक.

फुलिगोच्या त्या सरकणाऱ्या एकपेशी अवस्थेला प्लाझ्मोडियम म्हणतात. ग्रुपवर हे लिहिलं तर एका काकूंनी लगेच मलेरियाची टेस्ट सुचवली! मलेरियाचा प्लाझ्मोडियम हा परजीवी वेगळा, फक्त नाव सेम.

आता उपाय. ओला असतानाच जुन्या चमच्याने उचलून कंपोस्टमध्ये टाका, पाणी कमी करा, बस. वाळून खपली झाली की झाडू किंवा पाण्याचा फवारा मारू नका, आतली काळपट पावडर म्हणजे बीजाणू, ते घरभर उडतात आणि दम्यावाल्यांना त्रास होऊ शकतो.




नॅशनल पार्कात ओंडक्यावर गुलाबी मणी दिसले तर तेही मशरूम नव्हे, लायकोगाला हा स्लाइम मोल्ड असू शकतो, कोवळा असताना फुटला की आतून टूथपेस्टसारखा गुलाबी लगदा येतो. फोटो काढा, ओंडका तिथेच राहू द्या.