सर्व्हर मंदावला? रीस्टार्टआधी लॉग बघा

सर्व्हर रडतखडत चालायला लागला की पहिला हात रीस्टार्टकडे जातो. तो आवरा आणि आधी लॉग, म्हणजे सर्व्हरने स्वतः लिहिलेल्या नोंदी, बघा. लिनक्समध्ये कर्नलचे (सिस्टमच्या गाभ्याचे) संदेश मेमरीत असतात; सिस्टमडी (सगळ्या सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) ठेवतो ते जर्नल, म्हणजे लॉगचा साठा, डिस्कवर साठवायची सोय केलेली नसेल, तर रीस्टार्टबरोबर पुरावाही गेला.

आधी नेमकी वेळ पक्की करा. 'सकाळपासून स्लो आहे' यावर काही शोधता येत नाही. लॉगमधली वेळ बऱ्याचदा यूटीसी (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) असते, हेही ध्यानात असू द्या. नाहीतर भलत्याच तासाचा लॉग चाळत बसाल. मग त्या दहा-पंधरा मिनिटांपुरताच कर्नल लॉग काढा. 'आउट ऑफ मेमरी' दिसलं, तर रॅम संपून कर्नलने एखादी प्रोसेस मारली आहे. एखादं टास्क '१२० सेकंदांहून जास्त ब्लॉक्ड' असं आलं, तर बहुतेक वेळा डिस्क किंवा नेटवर्क स्टोरेज अडलेलं असतं. सोबत आय-ओ एररही (डिस्कवर वाचता-लिहिताना आलेल्या चुका) असतील, तर बॅकअप आधी, बाकी सगळं नंतर.

तिथे काहीच नाही? मग वेब सर्व्हर. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या नेहमीच्या ॲक्सेस लॉगमध्ये (आलेल्या रिक्वेस्टच्या नोंदींमध्ये) रिक्वेस्टला किती वेळ लागला हे येतच नाही. लॉग फॉरमॅटमध्ये रिक्वेस्ट टाइम (एकूण वेळ) आणि अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम (मागच्या ॲप्लिकेशनने उत्तराला घेतलेला वेळ) दोन्ही घाला. दोन्ही आकडे मोठे असतील तर दुखणं ॲप्लिकेशनमध्ये किंवा त्यामागच्या डेटाबेसमध्ये. पहिला मोठा आणि दुसरा छोटा असेल तर बहुधा साइट वापरणाऱ्याचं नेट संथ आहे, सर्व्हरला उगाच बोल लावू नका.

डेटाबेस मायएसक्यूएल असेल, तर त्याचा स्लो क्वेरी लॉग (जास्त वेळ घेणाऱ्या क्वेरींची नोंद) मुळात बंद असतो आणि त्याची मर्यादा १० सेकंद, म्हणजे त्याहून जास्त वेळ घेणारी क्वेरीच त्यात येते. चालू करताना ती १ सेकंदावर आणा.