अंटार्क्टिकातल्या मैत्री या भारतीय स्थानकावर हिवाळा काढायला निघताना सिमकार्डाकडे लक्ष द्या

गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्राची जाहिरात, मुलाखत, दिल्लीच्या एम्समधील शारीरिक व मानसिक तपासणी आणि औलीला भारत-तिबेट सीमा पोलिसांकडचे बर्फावरचे प्रशिक्षण हा क्रम अर्ज करणाऱ्याला ठाऊकच असतो. औलीत ओझे घेऊन चढताना मी सर्वांच्या मागे पडत असे आणि तरीही जनित्रे व वाहने सांभाळणारा मेकॅनिक म्हणून मैत्री स्थानकावर हिवाळा काढून आलो. म्हणून औलीत दम लागला तर मनाला लावून घेऊ नका.

मला गाठले ते थंडीने नव्हे, तर मोबाइलच्या नंबराने. अंटार्क्टिकात टॉवर नाही, मग रिचार्ज कशाला, असा हिशेब करून मी प्रीपेड सिम पाकिटात घालून नेले. नव्वद दिवस वापर नसला आणि शिल्लक वीस रुपयांहून कमी असली, तर कंपनी तो नंबर बंद करू शकते, आणि बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्या ग्राहकाला मिळतो, याचा मी विचारच केला नव्हता. पगार एका बँकेत जमा होत होता आणि गृहकर्जाचा हप्ता दुसऱ्या बँकेतून कापला जात होता; पैसे इकडून तिकडे वळवायचे तर ओटीपी हवा, आणि तो येणार बंद नंबरावर. हप्ते चुकले, दंड लागला. पत्नी शाखेत गेली, तेव्हा ‘खातेदाराला घेऊन या’ असे उत्तर मिळाले. त्या वेळी मैत्रीवर सूर्यही उगवत नव्हता आणि परतीची सोय उन्हाळी तुकडी आल्यावरच होणार होती.

म्हणून सिम घरीच, चालू फोनमध्ये ठेवा, त्याचे रिचार्ज कोण करणार ते ठरवा, आणि पगार व हप्ता एकाच संयुक्त खात्यात आणा, ज्यावर दोघांपैकी कोणालाही व्यवहार करता येईल. मुखत्यारपत्र नोंदवून घ्याच, पण ते बँकेने आपल्या दप्तरी घेतले आहे याची खात्री स्वतः शाखेत जाऊन करा. नुसता कागद कपाटात असून भागत नाही. प्राप्तिकराचे विवरणपत्र कोण भरणार, हेही आताच ठरवा. उपग्रहाच्या फोनवरून ओटीपी विचारून घेण्याचा जुगाड काही जण सुचवतात. तो मला अजिबात मान्य नाही, कारण ओटीपीची मुदत मिनिटांची असते आणि तिथला संपर्क तेवढा भरवशाचा नसतो.

सल्ला देणारा माणूस उन्हाळ्यात गेला होता की हिवाळ्यात राहिला होता, हे आधी विचारा. नोव्हेंबर ते मार्च, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात, जाऊन आलेले ज्येष्ठ ‘काही होत नाही’ म्हणतात ते खोटे नसते. त्यांचे खरोखरच काही झालेले नसते. सह्याद्रीतल्या गडांचा सराव चांगला, पण साधारण दोन महिने सूर्य दिसत नाही तेव्हा पायांपेक्षा त्याच पंचवीसेक माणसांसोबत रोज जेवायला बसण्याचा सराव उपयोगी पडतो. घाबरू नका, मैत्री १९८९पासून चालू आहे आणि तिथे स्वयंपाकी, वेल्डर, डॉक्टर अशा साध्या माणसांनीच हिवाळे काढले आहेत.

औलीला जाताना सिम घरी ठेवून एकदा रंगीत तालीम करा. केप टाउनला पुढच्या विमानासाठी थांबाल, तेव्हा तिथूनच घरी फोन लावा आणि तुमच्या नंबरावर बँकेचा संदेश येतो आहे ना, ते पत्नीकडून किंवा भावाकडून पुन्हा एकदा पाहून घ्या.