गोठ्याच्या सांडपाण्यावर शेवाळ: हिशेब नायट्रोजनचा धरा

गोठ्याचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या शेवाळाच्या हौदात रोज किती स्लरी (शेण-मूत्र मिसळलेलं सांडपाणी) ओतायची, हे स्लरीतल्या अमोनियावर ठरतं. म्हणून आधी स्लरी तपासून घ्या.

१ किलो कोरडं शेवाळ साधारण ७० ग्रॅम नायट्रोजन आणि १० ग्रॅम फॉस्फरस शोषतं. उघड्या हौदात, चांगल्या उन्हात, चौरस मीटरमागे दिवसाला १० ग्रॅम शेवाळ धरा. म्हणजे १० चौरस मीटरचा, २० सेंटिमीटर पाण्याचा हौद रोज ७ ग्रॅम नायट्रोजन पचवतो. स्लरीत लिटरला १,००० मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन (अमोनियाच्या रूपातला नायट्रोजन) असेल तर तिचे रोज फक्त ७ लिटर! यापेक्षा जास्त ओतण्याच्या घाईतच बहुतेक हौद मरतात.

स्लरी दोन दिवस निवळू द्या आणि वरचं पाणी बारीक कापडातून गाळा. काळपट रंग आणि गाळ ऊन अडवतात. बायोगॅस संयंत्रातून निघालेली स्लरी जास्त बरी, कारण तिच्यातला कुजणारा भाग आधीच कमी झालेला असतो.

सुरुवातीला एकदाच, २,००० लिटरच्या या हौदात गाळलेली स्लरी १६० लिटर, क्लोरेला किंवा सेनेडेस्मस या सूक्ष्म शेवाळाचं गर्द हिरवं विरजण २०० लिटर आणि बाकी साधं पाणी भरा. अमोनिया लिटरला ८० मिलिग्रॅमच्या आसपास बसतो. तो २०-३० वर उतरेपर्यंत नवी स्लरी घालू नका. पाणी पंख्याच्या चाकाने सेकंदाला २० ते ३० सेंटिमीटर वेगाने फिरतं ठेवा.

सामू (पीएच) रोज दुपारी मोजा, कारण तेव्हाच तो सर्वांत चढलेला असतो. २५ अंशांना सामू ८ असेल तर अमोनियाचा ५ टक्के भाग विषारी मुक्त रूपात असतो, ९ ला ३५ टक्क्यांच्या वर. हिरवं पाणी पिवळट पडून नाकाला झोंबणारा वास आला, की हेच झालंय. शिवाय तो अमोनिया हवेत उडतो, त्याला शुद्धीकरण म्हणता येत नाही. कार्बन डायऑक्साइड सोडून सामू ७.५ ते ८ ठेवा.

पाणी काचेच्या ग्लासात घेऊन उजेडासमोर धरा. उड्या मारणारे ठिपके म्हणजे डॅफ्निया, शेवाळ खाणारे बारीक जीव; जाळीने काढा. रोटिफर हे शेवाळ खाणारे आणखी बारीक जीव सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. ते फार वाढले असतील तर हौद रिकामा करून ताज्या विरजणाने सुरुवात करणंच शहाणपणाचं.

लिटरला अर्धा ग्रॅम शेवाळ झालं, की रोज २०० लिटर काढा, निवळू द्या आणि वरचं पाणी स्लरीसोबत परत हौदात सोडा.

शेवाळातून तेल काढायचं असेल, तर लक्षात घ्या: नायट्रोजन भरपूर असताना शेवाळ तेल कमी साठवतं. काढलेलं शेवाळ वेगळ्या टाकीत, स्लरी न घालता, ४-५ दिवस उन्हात फिरतं ठेवा. वाढ थांबते, तेल वाढतं. मग गाळून ६० अंशांखाली वाळवा. तेल हेक्सेन या द्रावकाने निघतं, पण हेक्सेन भडकन पेटतो. ते काम सज्ज प्रयोगशाळेकडेच द्या.