टेन्शनवर घरगुती उपाय करताय? मग या चुका टाळा

इंदुरात कुणालाही विचारा, टेन्शनवर उपाय तयारच असतो. अश्वगंधा सुरू कर, कपालभाती कर, रात्री दुधात जायफळ घाल, आणि काहीच नाही जमलं तर चल भिया, सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत जाऊन येऊ. यातले बरेच उपाय तसे वाईट नाहीत, पण वेळ नाहीतर प्रमाण चुकतं आणि मग तोच उपाय अंगावर येतो, आणि लोक म्हणतात की देशी उपायांत काही दम नाही.

प्राणायामाचंच घ्या. सकाळी नेहरू पार्कात नाहीतर मेघदूत बागेत एक चक्कर मारा, बाकावर बसून कितीतरी मंडळी भराभर कपालभाती ठोकत असतात, मध्येच फोन वाजतो, "हां बोल, बँकेत जाऊन आलास का" वगैरे होतं, आणि फोन ठेवला की पुन्हा फस् फस् सुरू. आता ज्याची आधीच छाती धडधडतेय त्याने जोरजोरात श्वास मारला तर शरीर शांत कसं होणार? भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, आणि माणूस घाबरतो की हे काय झालं आता. असं झालं तर थांबा आणि साधा श्वास घ्या, बस. बीपी, हार्ट, हर्निया असेल किंवा दिवस गेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे प्रकार करूच नका.

शांत व्हायचं असेल तर आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणं लांब हवं. 4 मोजत आत, 6 मोजत बाहेर, पाचेक मिनिटं, श्वास अडवून धरायचा नाही. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरासे मंदावतात, म्हणून ही सगळी खटपट. आकडे मोजायचंही टेन्शन येत असेल (येतं काही लोकांना, हसू नका) तर सरळ भ्रामरी करा, म्हणजे तोंड मिटून भुंग्यासारखं गुणगुणा, गुणगुणताना श्वास आपोआप हळूहळू सुटतो.

आता अश्वगंधा. शेजारच्या काकूंना लागू पडली म्हणून आपणही डबी आणायची, ही पद्धत मला अजिबात पटत नाही. एक तर चूर्ण आणि एक्स्ट्रॅक्टची कॅप्सूल एकच नाही, कॅप्सूलमधला अर्क बराच जास्त कडक असतो, त्यामुळे काकूंचा चमचा आणि तुमची गोळी यांचा हिशोब जुळत नाही. दुसरं म्हणजे थायरॉइडची, शुगरची, बीपीची नाहीतर झोपेची गोळी चालू असेल तर तिच्याशी हिचं भांडण होऊ शकतं. गरोदरपणात तर नकोच. थायरॉइड आणि हार्मोन्सवरच्या परिणामांच्या काळजीने डेन्मार्कने तर 2023 मध्ये हिच्यावर बंदीच घातली. क्वचित का होईना पण लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेसही आहेत. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली तर लगेच बंद करा आणि डॉक्टरकडे जा. आणि दोन दिवसांत फरक नाही म्हणून डोस डबल करू नका, हिच्यावरचे बरेचसे अभ्यास आठ-आठ आठवड्यांचे आहेत.

जायफळाचीही तीच गत. चिमूटभर ठीक आहे. पण दूध पिऊन अर्ध्या तासात झोप नाही आली म्हणून पुन्हा किसून घालायचं नाही, कारण जास्त झालेलं जायफळ काही तासांनी चढतं, आणि 5 ग्रॅमच्या आसपास पोटात गेलं तर तोंड कोरडं, धडधड, भ्रम, सगळं होऊ शकतं. लहान मुलांना तर त्याहून कमीही बाधतं.

बरं, हे सगळं नीट करूनही झोप येत नसेल तर रात्रीचं खाणं बघा, आणि इथे आपण इंदूरवाले सगळे सापडतो. सोन्याचांदीची दुकानं बंद झाल्यावर सराफा रंगात येतो, म्हणजे अकरा वाजता भुट्ट्याचा कीस, वर तळलेला गराडूचा कंद, शेवट रबडीने, आणि घरी येऊन आडवं. मग छातीत जळजळ, धडधड, आणि आपण समजतो की ऑफिसच्या टेन्शनने होतंय. सराफा सोडा असं मी सांगणार नाही, सांगून कुणी ऐकणारही नाही, पण रोज नको आणि खाणं नि झोप यांत दोन-तीन तास ठेवा. चहाचंही तसंच, कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, सहाला टपरीवर घेतलेला कट अकराला अजून अर्धा अंगात असतो.

चालणं मात्र बिनधास्त करा. आठवड्याला 150 मिनिटं असं डब्ल्यूएचओ सांगते, दहा-दहा मिनिटांचे तुकडे चालतात, फक्त एबी रोडच्या हॉर्नमध्ये नको, सिरपूर तलाव आहे, कॉलनीतला बगीचा आहे.

आणि चार गोष्टी एकदम सुरू करू नका, कशाने बरं वाटलं आणि कशाने पोट बिघडलं ते कळतच नाही. आधी संध्याकाळचा चहा बंद करून बघा, मग श्वासाचं, आणि डबी-बिबी सगळ्यात शेवटी, तीही वैद्याला नाहीतर डॉक्टरला विचारून. दोन आठवडे झाले तरी झोप नाही, भूक नाही, सारखं रडू येतंय असं असेल तर काढा उकळत बसू नका, डॉक्टरकडे जा. आणि जगण्याचाच कंटाळा आला असं मनात येत असेल तर त्याच दिवशी कुणाशी तरी बोला. मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेलीमानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट, चोवीस तास चालू, घरात कुणाला सांगायचं नसलं तरी फोन करता येतो.